‘आणेवारी ८’ म्हणजे आठ आणे सारा नव्हे

प्रश्न असा: जमिनीच्या जुन्या कागदात शेतापुढे ‘आणे ८’ असं लिहिलंय. म्हणजे तेव्हा एकरी आठ आणे सारा होता का? आणि दुष्काळात ऐकू येते ती आणेवारी हीच का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. हा आणा नाण्याचा नाही, सोळाव्या हिश्श्याचा आहे. ‘सोळा आणे खरं’ म्हणताना आपण जो मोजतो, तोच. ही बोलण्याची रीत विंगेट या ब्रिटिश मोजणी-अधिकाऱ्यानं काढलेली नाही. त्यानं फक्त ती जमिनीला लावली.

जॉर्ज विंगेट हा मुंबई इलाख्याच्या लष्करातला इंजिनिअर. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट असताना मुलकी खात्यातल्या गोल्डस्मिडबरोबर इंदापूर तालुक्याची फेरमोजणी त्याच्याकडे आली. पुढे तो महसूल मोजणीचा आयुक्त झाला. त्याच्याआधी प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून सारा बसवला होता. कागदावर तो चोख होता, पण सारा झेपेना आणि रानं पडीक पडली. विंगेट-गोल्डस्मिड जोडीनं उत्पन्नाचा नाद सोडून माती खणून पाहिली. माझ्या मते यातच इंजिनिअर दिसतो: खोली कुणालाही हातानं मोजता येते, निव्वळ नफा मोजता येत नाही.

१८४७ च्या संयुक्त अहवालात या प्रतबंदीचं, म्हणजे जमिनीची प्रत ठरवण्याचं, कोष्टक पक्कं झालं. मातीच्या तीन जाती: बारीक काळी, त्याहून भरड तांबूस आणि मुरमाड. काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे, दीड हात १४, सव्वा हात १२, एक हात १०, पाऊण हात ८, अर्धा हात ६, पाव हात ४॥ (साडेचार). तांबूस पावणेदोन हात असली तरी १४ पासून सुरुवात. मुरमाड एक हात खोल मिळाली तरी ६ च आणे. एकूण नऊ वर्ग, शेवटचा २ आण्यांचा. (पावणेदोन, सव्वा, पाऊण ही मापं मराठीत किती सहज बसतात पाहा, इंग्रजी अहवालात ती नुसती अपूर्णांकांची गर्दी वाटते.) वर दोष वजा व्हायचे. चुनखड, वाळू, उतार, पाण्याचा उपळ यांतला एक दोष निघाला की एक वर्ग खाली. म्हणजे अर्धा हात काळी, पण चुनखडीची: ६ वरून ४॥.

शेताचे सारखे भाग पाडून प्रत्येकात खणायचं आणि सरासरी काढायची. भाग १०, ८, ८, ६ आण्यांचे निघाले तर बेरीज ३२, भागिले ४, शेत ८ आण्यांचं. आता सारा. गावांच्या गटाचा कमाल दर हवामान, बाजारपेठ वगैरे पाहून वेगळा ठरे आणि तो १६ आण्यांच्या जमिनीला लागे. तो एकरी १२ आणे असेल तर ‘आणे ८’च्या शेताला निम्मे, म्हणजे रोख ६ आणे. कमाल दर बरोबर एक रुपया, म्हणजे १६ आणे, असेल तेव्हाच दोन्ही आकडे जुळतात. घोटाळा तिथूनच होतो.

दुष्काळाची आणेवारी पिकाची: नेहमीच्या उताऱ्याच्या मानानं यंदा किती आलं. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात भांडण याच आकड्यावर होतं. पीक चार आण्यांच्या खाली गेलं की सारावसुली तहकूब व्हायला हवी होती. दशमान नाणी १९५७ साली आली, पुढे या आणेवारीची पैसेवारी झाली आणि आता ५० पैशांची रेघ बघतात.

जुन्या कागदांत गुंठ्याचेही आणे असत. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचा सोळावा हिस्सा एक आणा, साधारण ६८ चौरस फूट. तेव्हा कागदात ‘आणे’ दिसले की आधी रकाना बघा: क्षेत्राचा, प्रतीचा, की भावकीतल्या हिश्श्याचा.