नॉर्वेचा चित्रकार निकोलाय आस्ट्रुप याच्या एकाच वुडकटच्या (लाकडी ठोकळा कोरून त्यावरून छापलेल्या चित्राच्या) दोन प्रती सारख्या का नसतात? त्यांना प्रिंट म्हणायचं की पेंटिंग?

प्रिंटच म्हणायचं. यात वाद घालायला जागाच नाही. तरी याच वादापायी माझी चार वर्षं वाया गेली आहेत, म्हणून लिहितो.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी परसातल्या अळूचं वुडकट केलं होतं. चार रंगांचे चार ठोकळे, बारा प्रती. मोरीचं पाणी जिथं अळूला जातं, तिथली पानं काळपट हिरवी असतात. तो हिरवा रोलरनं काही केल्या येईना. मग पाच प्रतींवर शाई ओली असतानाच ब्रश फिरवला. एका प्रदर्शनाला चित्र पाठवलं, ते परत आलं. मागच्या बाजूला चिठ्ठी : 'प्रती एकसारख्या नाहीत. प्रिंट म्हणून अपात्र.' सर म्हणाले, "हाताला शिस्त नाही तुझ्या." त्यानंतर चार वर्षं लाकूड कापायचं हत्यार हातात धरलं नाही.

२०१६ साली लंडनला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा डलिच पिक्चर गॅलरीत आस्ट्रुपचं प्रदर्शन लागलं होतं. एका वुडकटमध्ये पाणथळीतली पिवळी फुलं, मागं डोंगरावर बर्फ, आणि तिकडची ती पुरता अंधार न पडणारी उन्हाळी रात्र. नाक काचेला टेकेल इतक्या जवळ जाऊन पाहिलं. पिवळ्यावर ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसत होते. मी तिथंच बाकावर बसलो. बहीण काय झालं, काय झालं विचारत राहिली, मला सांगता येईना.

हा माणूस (१८८०–१९२८) पश्चिम नॉर्वेतल्या योल्स्टरचा. पाद्र्याचा मुलगा, दमेकरी. पॅरिसला शिकून तो आपल्या तळ्याकाठीच परत आला. १९१३ पासून तिथल्या उतारावर बायको एंगेल आणि पोरांसह राहिला, आठ मुलं झाली. रुबार्ब ही तिकडची भाजी लावायचा, त्याची पानं आपल्या अळूसारखीच रुंद. जपानी प्रिंट्सचा त्याच्यावर मोठा प्रभाव, पण जपानी कारागीर पाण्यातले रंग वापरत, यानं तैलरंग घेतले. छापून झाल्यावर वरून हातानं रंगवायचा. त्याच ठोकळ्यांवरून रंग बदलून वेगळा प्रहर, वेगळी हवा काढायचा. मग प्रती सारख्या कशा निघतील?

तुम्ही शिकत असाल तर ब्रश उचला, कुणाला विचारत बसू नका. शिस्त लागते ती ठोकळा कापताना आणि कागद जुळवताना. माझ्या बाराही प्रतींत चारही रंग केसभर हललेले नव्हते. ते कुणी पाहिलंसुद्धा नाही.

हां, एक आहे. नंबर टाकून एडिशन म्हणून, म्हणजे ठरावीक प्रतींचा संच म्हणून विकणार असाल, तर हातानं रंगवलेल्या प्रतीवर तसं लिहा, घेणाऱ्याला ते कळलंच पाहिजे. मी माझ्या पाचही प्रतींच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं. ती चिठ्ठी नेमकी त्याच ओळीवर चिकटवलेली होती.