बेळगावात उद्यमबागेत शिफ्टची नोकरी आणि घरी दोन लहान पोरं आहेत, हाफ आयर्नमॅन जमेल का?

जमतंय की, पण हातात सहा महिने आणि आठवड्याला आठ-नऊ तास धरा, आणि सुरुवात पोहण्यापासून करा. हाफ आयर्नमॅन म्हणजे एकापाठोपाठ १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी पळणं, यात आपल्याकडची माणसं पाण्यातच अडकतात, बाकीचं दोन्ही हळूहळू वाढवता येतंय पण श्वासाचं टायमिंग महिनोन्महिने तलावात गेल्याशिवाय बसत नाही, आणि गोव्याची रेस मिरामारला समुद्रात असते तिथं लाटा वेगळ्याच. मी पण शिफ्ट सांभाळूनच केलीय म्हणून सांगतो, दोन दिवस गोवावेसच्या तलावात पोहणं, दोन दिवस पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या आवारात तासभर पळणं (पोरं उठायच्या आत घरी!), आणि शनिवारी जांबोटी रोडला लांब सायकल, चढ-उतार मस्त मिळतात. सायकलवरनं उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळायचं, याला ब्रिक म्हणतात, पाय पहिल्यांदा लाकडासारखे वाटतात, घाबरू नका. पावसाळ्यात रस्त्यावर धाडस नको, घरातच ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) सायकल लावा. रविवार घरच्यांचा, त्याला हात लावला की घरातनं सपोर्ट संपला समजा. फक्त नाईट शिफ्टच्या आठवड्यात हा हिशोब चालत नाही, तेव्हा सगळं निम्मं करा आणि झोप मोडून पळायला जाऊ नका, दुखापती तिथंच होतात.