युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी आणि कॉग्निटिव्ह सायन्सच्या अनौपचारिक बैठका सुरू केल्यात, पण लोक टिकत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या दिवशी तीसेक जण आले, तिसऱ्या आठवड्याला पाच उरले, आणि तुम्ही दर वेळी एक पेपर वाचून त्यावर चर्चा ठेवता. आमचंही सुरुवातीला अगदी असंच झालं होतं म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. मी बडोद्याची, एमएसयूतून (महाराजा सयाजीराव विद्यापीठातून) फिलॉसॉफीत एमए केलं, आणि तिथे असताना आम्ही काही जण दर गुरुवारी संध्याकाळी आर्ट्स फॅकल्टीच्या त्या मोठ्या घुमटाच्या बाजूला पायऱ्यांवर बसायचो. सायकॉलॉजीवाले, संस्कृतवाले, कलाभवनातून, म्हणजे इंजिनिअरिंगच्या फॅकल्टीतून, कॉम्प्युटरवाले एक-दोन, मेडिकलची एक मुलगी. अर्धे मराठी, अर्धे गुजराती, बोलणं तिन्ही भाषांत.

पेपर वाचण्यात अडचण अशी की ज्याने तो वाचलाय तो बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात, आणि ज्याला वाचायला जमलं नाही तो पुढच्या वेळी लाजून येतच नाही. आम्ही पेपर बंद केला आणि हातात धरता येईल अशी एक गोष्ट आणायची असं ठरवलं. ज्या दिवशी आमचं खरं जमलं त्या दिवशी ती गोष्ट होती चकली.

झालं असं की संस्कृतच्या एका मित्राने न्यायदर्शनातलं, म्हणजे तर्क आणि ज्ञान यांचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनातलं, सूत्र सांगितलं, युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्. म्हणजे एकाच क्षणी दोन ज्ञानं होत नाहीत, हीच मन असल्याची खूण. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते मन अणुएवढं आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाला जोडलं जातं, त्यामुळे डोळे कान दोन्ही उघडे असले तरी एका क्षणी एकच कळतं. यावर जुनाच आक्षेप आहे तो म्हणजे लांब, कुरकुरीत शष्कुली खाण्याचा. शष्कुली म्हणजे तळलेला पदार्थ, तो खाताना दिसतोही, वासही येतो, चवही लागते, स्पर्शही होतो आणि कुडुम आवाजही येतो, पाचही एकदम! मग मन एका वेळी एकच कसं? (कानाच्या बाहेरच्या भागालाही संस्कृतात कर्णशष्कुली म्हणतात, हे तेव्हाच कळलं.) नैयायिकांचं उत्तर असं की एकदम वाटतं पण एकदम नसतं, कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली तर एकाच क्षणी भोसकल्यासारखं वाटतं पण सुई एकेका पाकळीतूनच जाते.

आम्ही दांडिया बाजारातून पाव किलो चकली आणली आणि प्रत्येकाने डोळे मिटून एक खाल्ली आणि आधी काय कळलं ते सांगायचं. इथे कोणाला काही वाचलेलं असायची गरजच नव्हती. कोणी म्हणालं वास आधी, कोणी म्हणालं आवाज आणि दातांना लागणं वेगळं काढताच येत नाही. मग सायकॉलॉजीच्या मुलीने सांगितलं की ऑक्सफर्डमध्ये 2004 साली झांपिनी आणि स्पेन्स यांनी बटाट्याच्या चिप्सवर हा प्रयोग केलाय, खाणाऱ्याच्या कानात त्याच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून मोठा करून सोडला की तीच चिप जास्त कुरकुरीत आणि ताजी वाटते. आम्ही लगेच हेडफोनवर जोराचा पावसाचा आवाज लावून एकाच डब्यातल्या चकल्या पुन्हा खाल्ल्या, आणि माझी मला मऊ पडल्यासारखी वाटली, खरंच. तिघांना काहीच फरक जाणवला नाही तेही वहीत लिहिलं.

आता इथून पुढे जे झालं त्यासाठी हे सगळं सांगतेय. दुसऱ्या गुरुवारी लॅपटॉपवर एक प्रयोग केला, सेकंदाला साधारण दहा अक्षरं एकामागून एक येतात आणि मध्ये दोन आकडे येतात ते ओळखायचे. पहिला आकडा ओळखल्यावर दुसरा पाव ते अर्ध्या सेकंदात आला तर तो बऱ्याचदा निसटतो, डोळ्यांसमोर असूनही. 1992 साली या प्रकाराला अटेन्शनल ब्लिंक नाव पडलं. आमच्यातले दोघे-तिघे एकदम उसळले, बघा नैयायिक बरोबर होते! तेव्हा त्याच संस्कृतच्या मित्राने थांबवलं. तो म्हणाला, त्यांचं मन हे नित्य द्रव्य, म्हणजे कायम असणारी एक वस्तू आहे, ज्ञान मनाला होतच नाही, आत्म्याला होतं, मन फक्त साधन, आणि तुमचा प्रयोग लक्षाच्या मर्यादेबद्दल बोलतोय, दोन्हींचा प्रश्न शेजारी-शेजारी आहे पण उत्तर एक नाही. शिवाय प्रयोगातच गंमत अशी की दुसरा आकडा पहिल्याला अगदी चिकटून आला तर तो बहुधा दिसतो. मग "एका वेळी एकच" कुठे राहिलं?

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशा बैठका दोन प्रकारे बिघडतात, एक तर "आपल्याकडे सगळं आधीच होतं" असं म्हणून लोक खूश होऊन घरी जातात, नाहीतर "जुनं सगळं फालतू" म्हणून. दोन्हीत विचार होत नाही.

यावर आम्ही पूर्वपक्षाचा नियम केला. ज्याचं म्हणणं खोडायचंय त्याचं म्हणणं आधी तुम्ही स्वतः मांडा, इतकं नीट की तो म्हणेल हो, हेच म्हणायचंय मला. तोवर खोडायला परवानगी नाही. याचा नमुना आमच्या गावातूनच प्रसिद्ध झालेला होता, आठव्या शतकातल्या शांतरक्षित या बौद्ध आचार्याचा तत्त्वसंग्रह, जो गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये 1926 साली बडोद्यातून निघाला. त्यात तो प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडतो आणि मग हात घालतो. सुईच्या मुद्द्यावर त्याचं म्हणणं ऐका, की वेगामुळेच जर एकदम असल्याचा भास होत असेल तर "लता" आणि "ताल" यातली अक्षरंही (तीच, फक्त उलट क्रमाने) झपाझपच येतात, मग तीही एकदमच ऐकू यायला हवीत, पण आपल्याला क्रम तर स्पष्ट कळतो. लता ती लता, ताल तो ताल.

हे ऐकल्यावर पायऱ्यांवर पाच मिनिटं कोणीच बोललं नाही, मग कॉम्प्युटरवाला मुलगा हळूच लता ताल लता ताल म्हणायला लागला, आणि खूप भरभर म्हटल्यावर खरंच क्रम कळेनासा होतो का यावर साडेआठ वाजेपर्यंत वाद चालला. वॉचमन दोनदा येऊन गेले.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच सांगेन, दहा-बाराच्या वर लोक नकोत, जाणकाराला दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि भाषा मोकळी सोडा. आमची मेडिकलची मुलगी इंग्रजीत गप्प असायची, पण मराठीत तिने एकदा विचारलं की आपण शुद्ध हरपली, भान हरपलं आणि जाणीव नाही असं तीन वेगळं का म्हणतो, वॉर्डात पेशंट शुद्धीवर असतो पण भानावर नसतो असं रोज दिसतं. पुढचे तीन गुरुवार त्या एका वाक्यावर गेले. कॉन्शसनेस या एका शब्दात बसून आम्हाला ते कधी सुचलंच नसतं.

आणि एक वही ठेवा. ठरलेलं त्यात नका लिहू, अडलेलं लिहा, आणि पुढची बैठक शेवटच्या अडलेल्या ओळीपासूनच सुरू करा, म्हणजे मागच्या वेळी न आलेल्यालाही धागा मिळतो. आमच्या वहीत चकलीच्या पानावर शेवटी लिहिलंय, "आवाज बदलल्याने स्पर्श बदलतो, मग ती दोन ज्ञानं होती की एकच?" ते अजून तसंच आहे. तुमच्याकडे कोणी त्यावर काही म्हणालं तर इथेच कळवा, मी वाट बघतेय.