बऱ्याच वर्षांनी परत आलेल्या कंट्री सिंगरचा सोलो अल्बम खरंच चांगला निघालाय असं एखादं उदाहरण आहे का?

आहे. टॅन्या टकर, अमेरिकेतल्या कंट्री म्हणजे तिथल्या गावाकडच्या लोकसंगीतातून आलेल्या संगीताची गायिका. तुम्ही पुढे असंही विचारलंय की असे कमबॅक फक्त जुन्या फॅन्सच्या प्रेमावर चालतात का, तर नाही, निदान हिच्या बाबतीत तरी अजिबात नाही. २०१९ मध्ये आलेला तिचा 'व्हाइल आयम लिव्हिन' हा माझ्या मते तिच्या अख्ख्या करिअरमधला सगळ्यात चांगला अल्बम आहे आणि तो आला तेव्हा ती साठीची होती.

पण तो का एवढा भारी आहे हे कळायला सुरुवातीपासून सांगावं लागेल. टॅन्याचा जन्म १९५८ चा, टेक्ससमधल्या सेमिनोल गावातला. वडील बो टकर बांधकामावर काम करणारे, कामाच्या मागे घर सारखं हलायचं, पण पोरीच्या गळ्यात काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं होतं आणि तिला पुढे आणण्यासाठी त्या माणसाने जिवाचं रान केलं. शेवटी तिचा डेमो कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या बिली शेरिल या मोठ्या प्रोड्युसरपर्यंत पोचला. त्याने तिच्यासाठी एक छान हसरं, आनंदी गाणं काढून ठेवलं होतं, ते हिने चक्क नको म्हटलं, तेराव्या वर्षी! मग 'डेल्टा डॉन' रेकॉर्ड झालं, १९७२ साली.

ते गाणं एकदा हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला वाद्यं नाहीतच, नुसते आवाज. गाणं आहे एका ४१ वर्षांच्या बाईबद्दल, जी हातात सुटकेस घेऊन गावभर फिरते कारण कधीतरी एक जण तिला घेऊन जातो म्हणाला होता आणि ती अजून त्याची वाट बघतेय, आणि हे सगळं गातेय तेरा वर्षांची मुलगी. तिचा आवाज ऐकून वय सांगताच येत नाही, खर्जात खरखर आहे, आणि कुठेही लाडीकपणा नाही. ते गाणं कंट्री चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेलं, पुढच्या दोन वर्षांत तीन गाणी एक नंबरला गेली, पंधराव्या वर्षी ती रोलिंग स्टोन मासिकाच्या कव्हरवर होती.

मधल्या वर्षांबद्दल मी फार लिहीत नाही, गॉसिप भरपूर आहे आणि त्याचा गाण्याशी संबंध कमी. रॉककडे वळून बघितलं, मग काही वर्षं गाडी रुळावरून घसरली, मग १९८६ पासून परत हिट्सची रांग लागली. १९८८ मध्ये बेटी फोर्ड सेंटरमध्ये व्यसनावर उपचार घेतले आणि त्याच वर्षी एक नंबरची गाणीही दिली. १९९१ ला सीएमए म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचा बेस्ट फिमेल व्होकॅलिस्ट अवॉर्ड मिळाला तेव्हा ती समारंभाला नव्हती कारण नुकतंच बाळ झालं होतं. म्हणजे ही एक कमबॅक तर तिने आधीच करून दाखवली होती, हे लोक विसरतात.

त्यानंतर मात्र हळूहळू सगळं थांबत गेलं. नवीन गाण्यांचा शेवटचा अल्बम २००२ चा. २००६ मध्ये वडील गेले, २०१२ मध्ये आई. ज्या बापाने लहानपणापासून प्रत्येक पावलाला सोबत केली तोच नाही म्हटल्यावर गायचं कुणासाठी, हे मला तरी समजू शकतं. मध्ये २००९ ला एक अल्बम आला, पण त्यात जुन्या पुरुष गायकांची गाजलेली गाणीच तिने परत गायली होती. ऐकायला बरा आहे, पण तुम्ही म्हणता तसला कमबॅक म्हणजे हा, जुन्या आठवणींवर चालणारा.

२०१९ चा अल्बम वेगळा झाला कारण गाणी तिच्यासाठी, तिच्यावरून लिहिली गेली. जुना कंट्री गायक वेलन जेनिंग्स याचा मुलगा शूटर जेनिंग्स आणि गायिका ब्रँडी कार्लाइल हे दोघं प्रोड्युसर, ब्रँडी लहानपणापासून टॅन्याची फॅन, तिने आणि तिच्या बँडमधल्या हॅन्सरॉथ जुळ्या भावांनी टॅन्याचं आयुष्य, आईवडील, टेक्सस हे सगळं डोळ्यासमोर ठेवून बहुतेक गाणी लिहिली. लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत काही आठवड्यांतच रेकॉर्डिंग झालं. टॅन्याचा स्वतःच्या आवाजावर विश्वास उरला नव्हता आणि ते अल्बममध्ये लपवलेलं नाही, श्वास ऐकू येतो, सूर धरताना आवाज जरासा तडकतो, तो तसाच ठेवलाय. मला वाटतं खरी अक्कल इथे आहे. दुसरा कुणी असता तर त्याने घासूनपुसून गुळगुळीत केलं असतं.

आणि शेवटचं गाणं, 'ब्रिंग माय फ्लॉवर्स नाऊ'. आपल्याकडे माणूस गेला की फोटोला हार घालतात, चार चांगले शब्द बोलतात. हे गाणं म्हणतं फुलं आणायची तर आत्ता आणा, मी जिवंत आहे तोवर. ही कल्पना टॅन्या कित्येक वर्षं डोक्यात घेऊन फिरत होती, स्वतः गाणी लिहायची सवय नसल्याने ते राहूनच गेलेलं, ते ब्रँडीने स्टुडिओत तिच्याकडून पूर्ण करून घेतलं. पियानो आणि आवाज, बाकी जवळजवळ काही नाही. माझ्या आजीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि पुणे-नाशिक एसटीत मी ते पहिल्यांदा ऐकलं, संगमनेर येईपर्यंत तेच गाणं परत परत लावत होतो.

२०२० च्या ग्रॅमीत अल्बमला बेस्ट कंट्री अल्बम आणि या गाण्याला बेस्ट कंट्री साँग मिळालं. पहिलं नॉमिनेशन 'डेल्टा डॉन'साठी होतं, म्हणजे पहिला ग्रॅमी हातात यायला ४७ वर्षं लागली. पुढे २०२३ मध्ये त्याच दोन प्रोड्युसरसोबत 'स्वीट वेस्टर्न साउंड' आला आणि त्याच वर्षी ती कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेली.

वेळ कमी असेल तर दोनच गाणी ऐका, आधी 'डेल्टा डॉन' आणि ते संपल्या संपल्या 'ब्रिंग माय फ्लॉवर्स नाऊ', मध्ये दुसरं काही लावू नका. तेरा वर्षांची पोरगी म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईचं दुःख गात होती, आणि आता तीच बाई स्वतःचं गातेय, आवाज तोच आहे, लगेच ओळखू येतो.