ब्राह्मी नेमकी कोणती?

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावीला आहे, नीटचीही तयारी करतोय. पाठ केलेलं पेपरात आठवत नाही म्हणतो. मी बाजारातल्या रोपवाल्याकडून ब्राह्मीचं रोप आणलं आणि रोज सकाळी त्याला चार पानं चावून खायला देते. शेजारच्या काकू म्हणतात, ही ब्राह्मी नव्हेच. एक पान सोबत पाठवते आहे. परीक्षेला दीड महिना राहिलाय, काय करू? – एक आई, विटा

उत्तर : ताई, पान मिळालं. पाकिटात वाळून त्याचा पापड झाला होता, तरी ओळखू आलं. वाटोळं, देठापाशी खाच, कडेला बारीक दाते. काकूंचं बरोबर आहे आणि रोपवालाही तुम्हाला फसवत नव्हता.

ही मंडूकपर्णी. मराठीत कारिवणा. पण आपल्याकडे कितीतरी घरांत हिलाच ब्राह्मी म्हणतात, आमच्याही घरी म्हणायचे. हरिपूरला आजीच्या न्हाणीघराच्या मागे, सांडलेल्या पाण्यावर ही पसरलेली असे आणि तिच्या रसात आजी खोबरेल कढवून ‘ब्राह्मीचं तेल’ करी. हेच डोक्यात घेऊन मी द्रव्यगुणाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या विषयाच्या, तोंडी परीक्षेला बसले. परीक्षकांनी दोन ओली रोपं पुढ्यात ठेवली. मी ऐटीत हिच्यावर बोट ठेवून म्हटलं, ब्राह्मी. ते म्हणाले, “बरं, मग ही दुसरी कोण?” मी गप्प. मार्क गेले ते गेलेच. पण तेव्हापासून हा फरक मी विसरलेले नाही, तेही ब्राह्मी न घेता.

ती दुसरी होती जलब्राह्मी, ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून आता बहुतेक वैद्य जी धरतात ती. तिची पानं नखाएवढी, जाडसर, रसाळ, आणि त्यांना देठ जवळजवळ नसतोच. समोरासमोर जोडीनं थेट दांड्याला चिकटलेली. फूल पांढरट-जांभळट, इवलंसं. चावली तर कडूजहर. मंडूकपर्णीचं पान मात्र लांब देठावर छत्रीसारखं उभं राहतं, चुरगाळलं की किंचित गाजरासारखा वास येतो. येणारच, ती गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. जलब्राह्मी इसबगोलाच्या कुळातली. म्हणजे दोघींचं नातं काही नाही, नाव तेवढं एक झालंय.

म्हणून कुंडी फेकून देऊ नका. चरकसंहितेत बुद्धीसाठीची म्हणून चार रसायनं, म्हणजे बळ देणारी औषधं, एकत्र सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि मुळाफुलांसकट वाटलेली शंखपुष्पी. पहिला मान तुमच्या कुंडीतलीचाच. त्या चौघींत ब्राह्मीचं नावही नाही! तिचं तूप मात्र चरकानं अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, प्रकरणात दिलं आहे.

आता दीड महिन्याचं बघू. अलीकडे माणसांवर चाचण्या झाल्या त्या जास्त करून जलब्राह्मीच्या अर्कावर. २००१ साली ऑस्ट्रेलियातली एक प्रसिद्ध झाली. ४६ निरोगी माणसं घेतली, त्यांतल्या काहींना रोज ३०० मिलीग्रॅम अर्क दिला, बाकीच्यांना नुसती दिसायला सारखी गोळी. पाच आठवड्यांनी तपासलं तेव्हा ठळक फरक नव्हता. बारा आठवड्यांनी शिकण्याच्या वेगात आणि शिकलेलं टिकण्यात फरक दिसला. तुमच्या हातात आहेत सहा आठवडे. परीक्षेआधी आठ दिवस सिरपची बाटली घेऊन जाणाऱ्या आया मी दर फेब्रुवारीत बघते, त्यांच्यावर माझा राग नाही. पण बाटलीचं आणि पेपराचं गणित जुळत नाही, हे त्यांना दुकानात कोणी सांगत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : मुलगा झोपतो किती? वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. रात्री दोनपर्यंत जागवून सकाळी पानं चारणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. त्याला अकराला झोपवा. आणि धडा चौथ्यांदा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायला सांगा. पहिले दोन दिवस चिडेल. पेपरात त्याला हेच तर करायचंय.

चार पानं धुऊन खाल्ली तर बिघडत नाही, पण उपाशीपोटी नकोत. पोटात मुरडा, मळमळ, पातळ शौचाला होणं, या तक्रारी दोन्ही वनस्पतींनी होऊ शकतात, आणि परीक्षेच्या तोंडावर ते कोणाला हवंय? नवीन काहीही आता सुरू करू नका.

परीक्षा झाल्यावर घ्यायचंच असेल तर जलब्राह्मीचं चूर्ण १ ते ३ ग्रॅम, जेवणानंतर, तुपातून किंवा कोमट दुधातून, तुमच्या वैद्यांना विचारून. ब्राह्मीघृत, म्हणजे ब्राह्मीचं तूप, घरी करू नका असं मी सांगते, कारण ते नेमकं कढवणं हातावर बसावं लागतं. तूप, रस आणि वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी यांचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, मंद आचेवर तासन्‌तास. तेल सिद्ध होताना फेस वर येतो, तुपाचा मात्र फेस बसतो. मग कल्काची बोटांत वळून वात होते का बघायची आणि ती विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी उरलंय, आणखी कढवा. गप्प जळली तर उतरवा. नवखा माणूस या दोहोंच्या मधे तूप करपवतो.

आणि रोप आणायचं तर कुंडीतलंच आणा. जलब्राह्मी ओल दिसेल तिथे वाढते, अगदी गावाच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठीही, आणि पाण्यातले जड धातू अंगात ओढून घेते. तिथली खुडून औषध म्हणून खाऊ नये.

प्रश्न : वय ६७, निवृत्त शिक्षक. ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवत नाही. बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. ब्राह्मीच्या कॅप्सूल सुरू करू का? – एक वाचक, मिरज

उत्तर : सर, आधी रक्त तपासा : बी-१२ आणि थायरॉइड. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात तुम्ही शाकाहारी असाल तर आणखीच. त्यानं विसर पडतो, पायांना मुंग्या येतात. ते ब्राह्मीनं भरून निघत नाही. माझ्याकडे ब्राह्मी मागायला आलेल्या अशा काहींना मी नुसतं तपासणीला पाठवलंय. नाव उशिरा आठवणं या वयात चालतं. रोजच्या रस्त्यावर चुकायला झालं, किराण्याचा हिशेब जमेना, किंवा तोच प्रश्न तासात तीनदा विचारता असं घरच्यांनी सांगितलं, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. नाडी मुळात मंद असेल तर कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोच.

प्रश्न : मुलीला फिट्स येतात, फेनिटॉइनच्या गोळ्या चालू आहेत. अभ्यासासाठी नणंदेनं शंखपुष्पीचं सिरप दिलंय. पंधरा दिवस देते आहे. चालेल ना? – एक वाचक, कडेगाव

उत्तर : नाही. आजच बंद करा. मुंबईच्या संशोधकांनी १९९२ साली नेमकी हीच जोडी तपासून प्रसिद्ध केली होती : शंखपुष्पीच्या सिरपासोबत फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि बंद असलेल्या फिट्स पुन्हा येऊ शकतात. गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका, स्वतःहून वाढवूही नका. डॉक्टरांना फोन करून पंधरा दिवस सिरप दिल्याचं सांगा. नणंदेचा राग येईल म्हणून लपवू नका. रक्तातलं औषध मोजायचं का ते त्यांना ठरवू दे. जाताना सिरपची बाटली सोबत न्या, लेबलावर आणखी काय काय आहे ते त्यांनाच वाचू दे.