वजन आईचं, धास्ती बाळाची

ती पाचव्या महिन्यात माझ्याकडे आली, तेव्हा रात्रीचं जेवण बंद करून बसली होती. उंची १५८ सेंटिमीटर, दिवस राहण्याआधीचं वजन ७८ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३१ च्या आसपास. “मॅडम, मी एवढी जाड, मग बाळही मोठंच होणार. सिझर ठरलेलंच ना?” सासूबाईंची तक्रार नेमकी उलटी: “दोन जिवांचं खायचं, तर ही उपाशी झोपते.”

मला दोघींचंही पटलं नाही.

आईचं वजन जास्त असलं की बाळ मोठं होण्याची, बीपी वाढण्याची आणि सिझरची शक्यता वाढते, हे खरं. पण आईची चरबी काही जशीच्या तशी बाळाच्या अंगावर जात नाही. जाते ती मुख्यतः साखर. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून (प्लॅसेंटातून) बाळापर्यंत पोचते. आईचं इन्सुलिन मात्र पोचत नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि आलेली साखर चरबी म्हणून साठवतं. म्हणून मी तिला वजनकाट्यापेक्षा साखरेच्या तपासणीकडे लक्ष द्यायला सांगितलं. ही तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांत होते, पण वजन जास्त असेल तर डॉक्टर ती आधीही करून घेतात.

उपाशी राहून वजन उतरवायची ही वेळ नव्हे. बीएमआय ३० च्या पुढे असेल तर पूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलो वाढ पुरे, असं अमेरिकेतल्या २००९ च्या शिफारशी सांगतात. बारीक बायकांसाठी हाच आकडा १२.५ ते १८ किलो आहे, कारण त्यांच्यात बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरण्याची भीती जास्त. सासूबाईंना हे आकडे ऐकवल्यावर त्या जरा वरमल्या. पहिल्या तीन महिन्यांत तर जादा खाण्याची जवळपास गरजच नसते.

तिची साखर थोडी वाढलेली निघाली. रात्रीचं जेवण परत सुरू झालं, गोड पेयं बंद झाली, आणि डॉक्टरांना विचारून जेवणानंतर चालणं सुरू झालं.

आठव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळ “मोठं” दिसलं आणि ती पुन्हा घाबरली. तो अंदाज १०-१५ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, हे रिपोर्ट हातात देताना कुणी सांगतच नाही! बाळ ३.३ किलोचं झालं, नॉर्मल डिलिव्हरीने. जन्मल्यावर त्याचीही साखर तपासली, कारण आईची साखर वाढलेली असेल तर बाळाची जन्मानंतर एकदम उतरू शकते. आईला दीड-दोन महिन्यांनी पुन्हा साखरेच्या तपासणीला बोलावलंय.