हिवाळ्यात खाडीत गळ टाकायला पहाटेच निघावं का?

थंडी कडक असेल तर नाही. दहा-अकराला निघा आणि खरा जोर दुपारी लावा. गिऱ्हाइकांना बोटीतून मासेमारीला नेणं हाच माझा धंदा, त्यामुळे पहाटे कुडकुडत रिकामे गळ ओढणारे भरपूर पाहिलेत. मासा थंड रक्ताचा. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते आणि तो खोल खड्ड्यात तळाशी पडून राहतो. उथळ जागी मात्र काळा चिखल ऊन शोषतो, तिथलं पाणी दुपारपर्यंत एक-दोन अंशांनी चढतं आणि तेवढ्यानेही मासा वर सरकतो. आमिष लहान लावा, तळालगत अगदी सावकाश ओढा, मधेमधे थांबा. झटका बसेलच असं नाही. कधी दोर नुसता जड लागतो, जणू ओलं फडकं अडकलंय. बहुतेकदा तोच मासा असतो! (नवखे त्याला गवत समजून दोर ढिला सोडतात.) आभाळ भरलेलं असेल तर मात्र हे उन्हाचं गणित चालत नाही, मग भरती-ओहोटी बघा आणि पाणी वाहतं असताना खोल खड्ड्याच्या कडेला गळ टाका.